झोळीतला विळा

मला मूल नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. माहेर म्हणजे जवळा बाजारपासून दीड कोसावरचं गाव, आणि गावात म्हणजे आमची बौद्धांची वस्ती. घरात मी आणि आई, दोघीच. वस्तीतल्या बायांमध्ये सातवी पास झालेली मी एकटी, म्हणून बाहत्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षांनी वस्तीत बालवाडी आली तेव्हा तिची बाई म्हणून मला नेमलं. टाकलेल्या बाईला नोकरी लागली म्हणून काही जणांच्या पोटात दुखलं. त्या दुखण्याला औषध नसतं, मी दिलंही नाही.

बालवाडी विहाराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत भरायची. बाया सकाळी रोजाने निंदायला नाहीतर कापूस वेचायला जायच्या आणि जाता जाता लेकरं माझ्याकडे टाकून जायच्या. मी त्यांची नाकं पुसायची, त्यांना गाणी म्हणायला लावायची, भुकटीचं दूध कालवून वाटीवाटीने द्यायची आणि सुकडी वाटायची. भाजक्या पिठाची ती गुळमट सुकडी दुष्काळात खडी फोडताना मोठ्यांनीही खाल्ली होती, त्यामुळे तिचं कोणाला कौतुक नव्हतं. पण लेकरांचं दुपारपर्यंत भागायचं.

पहिलं वर्ष असं बरं गेलं. मग कचेरीतून वजनाचा काटा आला. वर आढ्याला अडकवायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत लेकरू घातलं की काटा सरकायचा. त्याच्याबरोबर प्रत्येक लेकरासाठी एक एक जाड कार्ड आलं. कार्डावर खालून वर चढत जाणाऱ्या रेघा छापलेल्या होत्या. दर महिन्याला वजन करायचं, वयाच्या घरात ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला रेघेने जोडायचा. मुख्यसेविका बाई औंढ्याहून यायच्या. आमच्यासारख्या बऱ्याच बालवाड्या त्यांच्याकडे होत्या. त्यांनी दोन तास बसून मला हे सगळं समजावलं. ज्याचा ठिपका सगळ्यांत खालच्या रेघेच्याही खाली, त्याला रोज दुधाची दुसरी वाटी आणि सुकडीचा दुसरा वाटा. रेघेच्या वर आलं की एकच. यादी कचेरीत तयार होणार आणि माल यादीप्रमाणे येणार. कोणाला जास्त गरज आहे ते आता साहेबांना बसल्या जागी कळेल, असं त्या म्हणाल्या. मला ते फार पटलं. इतकी वर्षं वस्तीचं दुःख कोणाला बसल्या जागी कळलं नव्हतं, कळावं असं मलाही वाटत होतं.

ठिपका देण्यासाठी आधी वय पाहिजे, आणि जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. एक जण म्हणायची पोळ्याच्या आधी झालं, दुसरी म्हणायची विहीर ढासळली त्या साली. मी पंचांगाच्या आधाराने तारखा जुळवल्या. माझ्या भावजयीची पोरगी कापसाच्या दुसऱ्या वेचणीला झालेली, म्हणून तिला मी डिसेंबर दिला. भावजय म्हणजे सख्खी नव्हे, माझ्या चुलत्याच्या सुनेला मी वहिनी म्हणायची आणि ती मला वन्सं म्हणायची. या पोरीच्या आधीची तिची दोन लेकरं गेली होती. ही तिसरी, दोन वर्षांची, हातापायाच्या काड्या आणि डोळे मात्र मोठे. दूध पिऊन झालं की वाटी चाटूनपुसून डोक्यावर पालथी घालून बसायची आणि वाटी काढून घेतली की रडायची. इतर लेकरं मला बाई म्हणायची, ही काहीच म्हणायची नाही, पदर धरून मागे मागे फिरायची. माझा तिच्यावर जीव होता. हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही, कारण वांझ बाईने दुसऱ्याच्या लेकरावर जीव लावला तर लोक काय म्हणतात ते मला माहीत होतं.

पहिल्या वजनाला ती सात किलो भरली. ठिपका खालच्या रेघेच्या खाली पडला आणि तिची दुसरी वाटी सुरू झाली. महिनाभरात तिच्या गालावर थोडं मांस दिसायला लागलं. पण त्याच महिन्यात वस्तीतलं एक चांगलं गुबगुबीत पोरगं तापाने फणफणलं, आठ दिवस अंथरुणाला खिळलं, आणि बोलणं सुरू झालं. लेकरू कधी तोलावं काय? तोललेलं लेकरू वाढत नसतं. आणि तोलणारी कोण, तर जिची कूस उजवली नाही ती. आम्ही धम्म घेतला, घरातले देव नेऊन नदीत सोडले, पण नजर काही कोणी सोडली नव्हती. दुसऱ्या महिन्यात वजनाच्या दिवशी खोलीत मी, काटा आणि रिकामी झोळी एवढेच होतो. त्या दिवशी मी घरी येऊन आईवर उगाच चिडले.

तिसऱ्या दिवशी वहिनी आली. दारातच उभी राहिली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला विळा होता. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवतात, लोखंडापाशी वाईट काही येत नाही म्हणून. ती म्हणाली, "वन्सं, वाईट वाटून घेऊ नका. दोन लेकरं मातीत घातलीत मी. झोळीत हिच्या पाठीखाली हे ठिवू द्या, मग खुशाल तोला. माझं बघून बाकीच्या बी आणतील."

विळा कोणाच्या नजरेसाठी आहे ते दोघींनाही कळत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वजन झालं नाही तर कार्ड कोरं राहणार, कार्ड कोरं राहिलं तर यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही तर दुसरी वाटी नाही. मी म्हटलं, ठेवा. विळ्याचं वजन मी वजा करीन. तिने मान हलवली. पुढच्या आठवड्यात सगळ्या बाया आल्या, प्रत्येकीच्या हातात आपापला विळा. काहींचे हलके होते, वहिनीचा लोहाराकडून घडवून घेतलेला, जाडजूड, चांगला अर्ध्या किलोचा. मी प्रत्येक विळा वेगळा तोलला आणि काट्यावरच्या आकड्यातून वजा करून खरा आकडा पेन्सिलीने बाजूला लिहिला. चार महिने हे चाललं.

मग मुख्यसेविका बाई तपासणीला आल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. एका लेकरासमोर दोन दोन आकडे बघून त्या चक्रावल्या. मी विळ्याची हकीकत सांगितली. त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, सरकारी कागदावर विळा कुठं लिहिणार? काटा दाखवतो तोच आकडा लिहायचा. मी म्हटलं, मग लेकरं आहेत त्यापेक्षा जड दिसतील. त्यावर त्यांनी मला शांतपणे समजावलं.

"अहो, सगळ्यांच्याच झोळीत विळा आहे ना? मग सगळे सारखेच. आपल्याला वजन चढतंय की उतरतंय तेवढंच बघायचंय."

बाई वाईट नव्हत्या. उन्हातान्हात एसटीने यायच्या, फाट्यावरून चालत यायच्या, स्वतःच्या पर्समधून लेकरांना गोळ्या वाटायच्या. त्यांचं बोलणं ऐकताना बरोबरही वाटत होतं. सगळ्यांचे विळे सारखे नव्हते, आणि मुख्य म्हणजे रेघेला विळा माहीत नव्हता, हे मला त्या वेळी तोंडाने सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. खरं बोलायचं तर त्यात थोडा सूडही होता. माझ्या नजरेला भिता ना, मग असू द्या तुमचे विळे, माझं काय जातंय, असं मनात आलं होतं. माणूस शिकलं म्हणून काही मोठ्या मनाचं होत नाही.

मी पेन्सिलीचे आकडे खोडून टाकले आणि काट्याचे आकडे शाईने लिहिले. कार्डावरचे ठिपके एकदम वर चढले. पुढच्या महिन्यात औंढ्याला सगळ्या बालवाडीच्या बायांची बैठक झाली. तिथे साहेबांनी उभं राहून सांगितलं की आमच्या बालवाडीतल्या मुलांची वजनं सगळ्यांत जास्त वाढली आहेत, इतर बायांनी यांच्याकडून शिकावं. मला नारळ दिला आणि टाळ्या वाजल्या. नवऱ्याने टाकल्यापासून चार लोकांत माझ्यासाठी टाळी वाजल्याची ती पहिलीच वेळ. मला आनंद झाला. बसमध्ये मी तो नारळ मांडीवर घेऊन बसले होते. आता सांगताना लाज वाटते, पण आनंद झाला होता हे खोटं कसं बोलू.

पंधरा दिवसांनी नवी यादी आली. रेघेखालची आमची चौदा लेकरं होती, त्यातली पाच उरली होती. वहिनीच्या पोरीचं नाव नव्हतं. कार्डावर ती पावणेआठ किलोची होती आणि पावणेआठ म्हणजे रेघेच्या वर. माल यादीप्रमाणेच आला, मापून.

आठ-दहा दिवस मी तिला भांड्याच्या तळाचं खरवडून दुसरी वाटी देत राहिले. पण वस्तीत काही लपत नाही. जिचं नाव यादीतून गेलं होतं अशी दुसरी एक बाई कमरेवर हात ठेवून दारात आली आणि म्हणाली, "नाव न्हाई तर हिला काहून? तुमच्या नात्यातली म्हून व्हय?" तिचंही बरोबर होतं. तिच्याही लेकराच्या बरगड्या दिसत होत्या. मी दुसरी वाटी बंद केली. पोरगी रिकामी वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि मी दुसरीकडे बघायची. बाकीची लेकरं गाणी म्हणायची, ही उभीच.

वहिनीने विचारलं तेव्हा मी सांगितलं की कागदावर ती आता सुधारली आहे. ती म्हणाली, सुधारली आसंल तर बरंच हाय. कागदावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, कारण तिला वाचता येत नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्याकडे सगळे आरशातच बघत होते, कांकण कोणी बघत नव्हतं.

मला चैन पडेना. पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवसाआधी, वहिनी रानात गेलेली असताना, मी पोरीला नुसतीच झोळीत घातलं. ती झोका समजून हसली. काटा सव्वासातावर थांबला. म्हणजे इतक्या महिन्यांत ती फक्त पाव किलो वाढली होती, आणि तीही वाटी चालू होती तेव्हा. मी कार्डावर सव्वासाताचा ठिपका दिला, रेघ खाली ओढली, आणि त्या महिन्याच्या वजनांचा पेन्सिलीने भरलेला तक्ता कचेरीला पाठवला. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. आता साहेबांना बसल्या जागी कळेल, असं मी स्वतःलाच म्हटलं.

कळलं ते वेगळंच. मुख्यसेविका बाई तक्ता घेऊन परत आल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. ज्या बालवाडीत वजन उतरेल तिच्या बाईकडून लेखी खुलासा घ्यायचा, असं पत्रक कचेरीने काढलं होतं. माल दिला तरी लेकरू घटलं, याचा अर्थ माल लेकराला मिळाला नाही, बाईने घरी नेला. असा हिशोब त्यांनी बसवला होता. त्यांनी मला विचारलं, मूल आजारी होतं का? मी म्हटलं, नाही, हे विळ्याशिवायचं वजन आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे मागच्या सगळ्या महिन्यांची वजनं खोटी, असं लिहून देता का? बैठकीत तुमचं नाव घेतलं, ते कोणत्या तोंडानं परत घ्यायचं? त्यांच्यावरही कोणी होतंच.

मग त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं, तक्त्यावर ठेवलं, आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या.

त्यांनी मला खोड म्हटलं नाही. हे मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले की त्यांनी भाग पाडलं. कोणी भाग पाडलं नाही. घरी आई होती, तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, आणि नोकरी गेली असती तर मलाही विळा घेऊन रानात जावं लागलं असतं. मी तक्त्यावरचं सव्वासात खोडून पावणेआठ लिहिलं. शाईने भरलेलं कार्ड खोडता येईना, म्हणून दुसरं कोरं कार्ड घेऊन सगळे ठिपके पुन्हा काढले आणि सरळ वर चढणारी रेघ ओढली. रेघ फार सुरेख आली होती. बाई परत आल्या, त्यांनी बघितलं, तक्ता घडी घालून ठेवला आणि फाट्याकडे गेल्या.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला मी विळ्यासकट वजन केलं. फाल्गुनात ती कार्डावर आठ किलोची झाली.

चैत्रात वस्तीत गोवर आला. सहा लेकरांना निघाला. पाच उठली. ती पाचही बरी खाणारी होती, किंवा यादीतली होती. वहिनीने पोरीला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं, दाराला पाला बांधला. मी रोज बालवाडी सुटली की जायची. चौथ्या दिवशी मी तिच्यासाठी दूध नेलं, पूर्ण दोन वाट्या. कोणाच्या यादीची पर्वा केली नाही. तिने ओठही उघडले नाहीत. पाचव्या दिवशी भर दुपारी ती गेली. वहिनी रडली नाही, नुसती तिच्या अंगावरच्या माशा हाकत बसली, नेईपर्यंत.

वस्तीतल्या तरुण पोरांना राग आला. लेकरू उपासमारीने मेलं, बालवाडीचा माल जातो कुठे, असा अर्ज त्यांनी वर पाठवला. बोट माझ्याकडे होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. निदान कोणीतरी विचारत होतं. महिन्याभराने कचेरीतून एक साहेब जीपने आले. विहाराच्या ओट्यावर खुर्ची टाकली. वहिनीला बोलावलं, ती आणि तिचा नवरा समोर जमिनीवर बसले. साहेबांनी माझ्याकडून पोरीचं कार्ड मागून घेतलं.

मला वाटलं होतं, आता सगळं निघणार. मी ठरवलं होतं की विचारलं तर सांगायचं. विळा, खोडरबर, सव्वासात, सगळं सांगायचं, मग नोकरी जावो नाहीतर राहो. रात्रभर जागून मी ते शब्दांत बसवलं होतं.

साहेबांनी मला काहीच विचारलं नाही. त्यांनी कार्डावरची रेघ बोटाने खालून वर नेली, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी सोबतच्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं की मुलीचं वजन सतत वाढत होतं, मुलगी धोक्याच्या रेघेच्या वर होती, पोषणाबाबत तक्रारीत तथ्य नाही, मृत्यू गोवराने. ते मनापासून बोलत होते. त्यांच्या हातात कागद होता आणि कागद स्पष्ट होता. जे कार्ड तिला वाचवायला छापलं होतं तेच आता ती उपाशी नव्हती याचा पुरावा झालं, आणि तो पुरावा माझ्या हातचा होता. माझ्या तोंडात शब्द तयार होते. ते तिथेच राहिले.

साहेबांनी मला सांगितलं, हे आईला समजेल असं वाचून दाखवा, मग अंगठा घ्या, आणि साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा. मी वहिनीसमोर बसले. कागदावरचं एक एक वाक्य सोपं करून सांगितलं. शेवटी सांगितलं की मरणाच्या आधीच्या महिन्यात ती आठ किलो भरली होती.

वहिनी आतापर्यंत जमिनीकडे बघत होती. तिने मान वर केली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका हळू होता की मलाच कसाबसा ऐकू आला.

"इतकी न्हवती ती, वन्सं. मी रोज कडंवर घेत व्हते की."

कारकुनाने तिचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. साहेबांनी जीपकडे जाता जाता मागे वळून मला विचारलं, काय म्हणाली ती?

मी म्हटलं, काही नाही साहेब. सही कुठं करायची?